मनगट सरळ, हात मोकळा : दोन भागांच्या कीबोर्डची सवय कशी लावावी

मी मालवण तालुक्यातल्या एका सेवा केंद्रावर टायपिंगचे काम करते. मे महिना संपत आला की केंद्राबाहेर रांग लागते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, सगळे एकदमच येते. सकाळी दहाला बसलेली मी संध्याकाळी सात वाजता उठते. घरी आल्यावर भात, आमटी, मासळी साफ करणे, नारळ खवणे ही कामे असतातच.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात रात्री झोपेतून जाग येऊ लागली. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. उठून हात झटकला की बरे वाटायचे. सासूबाईंनी एके रात्री विचारले, "गो बाय, रात्रीचे हात कित्याक झाडतंस?" मी म्हटले, काही नाही, हातावर झोपले असेन. असे तीन महिने काढले. मग एक दिवस चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी रात्री मनगटाला लावायचा पट्टा दिला, रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासायला सांगितले आणि कामाची पद्धत बदला म्हणाले. त्याच सुमारास मला दोन भागांच्या कीबोर्डची माहिती मिळाली. एक जुना, वापरलेला स्वस्तात मिळाला. तो वापरायला शिकताना मी बऱ्याच चुका केल्या. आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी मुली-मुले टायपिंग शिकत आहेत, कुणी डीटीपी करते, कुणी बँकेत डेटा भरते, कुणी घरून काम करते. त्यांना त्या चुका कराव्या लागू नयेत म्हणून हा पाठ लिहीत आहे.

मनगटात काय होते?

एक साधा प्रयोग करा. माडाचा एक सरळ हीर घ्या. हात टेबलावर सैल ठेवा आणि हीर मधल्या बोटापासून मनगटावरून कोपराच्या दिशेने ठेवा. बोट, मनगट आणि हाताचा पुढचा भाग एका रेषेत असले तर हीर सरळ बसतो. आता त्याच स्थितीत साध्या कीबोर्डवर दोन्ही हात ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी हीर ठेवायला सांगा. मनगटापाशी रेषा मोडलेली दिसेल. पंजा करंगळीच्या बाजूला, म्हणजे बाहेर वळलेला असतो.

असे का होते? आपले खांदे रुंद आहेत आणि कीबोर्डची अक्षरे मात्र मधल्या वीतभर जागेत आहेत. दोन्ही हात बाहेरून आत येतात आणि बटणांच्या सरळ ओळीवर बसण्यासाठी मनगटातून पुन्हा बाहेर वळतात. त्यातच कीबोर्डचे मागचे पाय उघडलेले असतील तर मनगट वरच्या बाजूलाही वाकते. मनगटाच्या आतून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. मनगट वाकलेले राहिले की त्या बोगद्यातला दाब वाढतो. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना देते. म्हणून मुंग्या नेमक्या याच बोटांना येतात. या आजाराला कार्पल टनेल म्हणतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा आजार केवळ टायपिंगने होतो असे समजू नका. जोर लावून पकडण्याची कामे, हादरे देणारी यंत्रे, मधुमेह, थायरॉइडचा विकार, गरोदरपण, वाढलेले वजन ही त्याची मोठी कारणे आहेत. बायकांमध्ये तो जास्त आढळतो. शिवाय टायपिंग करणाऱ्यांचे सगळे दुखणे नसेचेच नसते. बहुतेकांचे दुखणे मनगटाच्या आणि कोपराखालच्या स्नायूंचे, दोऱ्यांचे, मानेचे आणि खांद्याचे असते. वाकडे मनगट आणि तासन्तास न हलता बसणे याने ते वाढते.

दोन भागांचा कीबोर्ड म्हणजे काय?

नावाप्रमाणे कीबोर्ड मधोमध कापून दोन तुकडे केलेले असतात. डाव्या हाताची बटणे एका भागावर, उजव्या हाताची दुसऱ्या भागावर. काहींत दोन्ही भाग वायरने जोडलेले असतात आणि हवे तितके दूर ठेवता येतात. काही एकाच फळीवर असतात, पण मधे फट असते आणि दोन्ही बाजू तिरक्या बसवलेल्या असतात. दोन्हीचा हेतू एकच, हात खांद्यासमोर सरळ राहावा.

ही कल्पना आजची नाही. जर्मनीत क्लोकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच टाइपरायटरच्या बटणांचे दोन भाग करावेत असे सुचवले होते. १९७२ मध्ये क्रोमर यांनी अशा कीबोर्डवर प्रयोग करून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सामान्य दुकानात मात्र तो पोहोचला १९९४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने नॅचरल नावाचा कीबोर्ड काढला तेव्हा. आपल्याकडे गोदरेजने १९५५ पासून टाइपरायटर बनवले आणि कचेऱ्यांतून, कोर्टाबाहेरच्या टेबलांवरून दोन पिढ्या त्यावर राबल्या. त्या यंत्राची बटणे लांब दांड्यांना जोडलेली होती, म्हणून ओळी एकमेकींपासून तिरक्या सरकवलेल्या होत्या. आता दांड्या गेल्या, पण बटणांची तीच मांडणी राहिली आणि आपली मनगटे अजून तिच्याशी जुळवून घेत आहेत.

उपयोग होतो का? मनगट सरळ राहते हे मोजून दिसलेले आहे. दुखण्याबाबत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाताचे दुखणे असलेल्या ८० संगणक वापरणाऱ्यांना वेगवेगळे कीबोर्ड देऊन सहा महिने पाहिले. दोन बाजू तिरक्या असलेल्या कीबोर्डवर काम करणाऱ्यांचे दुखणे कमी झाले, पण त्याला काही महिने लागले. म्हणजे हे औषध नाही, आज घेतले आणि उद्या बरे वाटले असे होत नाही. सगळ्यांना सारखा फायदा होतो असेही नाही.

विकत घेण्याआधी फुकटचे उपाय

दोन भागांचा कीबोर्ड साध्या कीबोर्डपेक्षा बराच महाग असतो. म्हणून आधी हे करा. दहा जणांतल्या कित्येकांचे काम इतक्यावरच भागेल.

१) कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. कीबोर्ड सपाट ठेवा.

२) खुर्ची इतकी उंच करा की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा वीट ठेवा. खुर्ची बुटकी असेल तर घडी घातलेली गोधडी बसायला घ्या.

३) टाइप करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका. हात पेटीवाल्यासारखा हलता ठेवा. थांबलात की टेकवा.

४) माउस कीबोर्डच्या अगदी जवळ आणा. हात लांबवून माउस धरणे हे खांदेदुखीचे मोठे कारण आहे.

५) बटण हळू दाबा. खटखट आवाज आला म्हणजे वेग वाढतो असे नाही.

६) दर अर्ध्या तासाला एक मिनिट हात मांडीवर सैल सोडा, खांदे फिरवा, उठून पाणी प्या.

७) घरी मांडी घालून लॅपटॉपवर काम करत असाल तर लॅपटॉप उंच ठेवा आणि साधा वेगळा कीबोर्ड पाटावर घ्या. मान आणि मनगट दोन्ही वाचतील.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. खारी दमट हवा आणि बारीक वाळू यांनी बटणे अडकतात. अडकलेले बटण जोरात दाबावे लागते आणि तो जोर बोटावर, दोऱ्यांवर येतो. आठवड्यातून एकदा वायर काढून कीबोर्ड उलटा करून झटका, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा, रात्री कापडाने झाका. पावसाळ्यात हे न चुकता करा.

मग तुम्हाला दोन भागांची पद्धत मानवते का हे फुकटात पाहता येते. नंबरांचा भाग नसलेले दोन लहान साधे कीबोर्ड एकाच संगणकाला जोडा. डाव्या कीबोर्डवर फक्त डावा हात, उजव्यावर फक्त उजवा हात. विंडोजवर दोन्ही एकदम चालतात आणि एकावरचे शिफ्ट दुसऱ्यावरच्या अक्षराला लागते. दिसायला विचित्र दिसते, केंद्रावर लोक हसतात, पण आठ दिवसांत कळते की खांदा आणि मनगट हलके होते की नाही. मी हे आधी केले असते तर बरे झाले असते.

माझी चूक

नवा कीबोर्ड मी जूनच्या ऐन गर्दीत, एका सकाळी एकदम वापरायला घेतला. पहिल्याच अर्जाला 'वडिलांचे नाव' लिहिताना व उमटेना. उजव्या हाताची तर्जनी जायची आणि मधल्या मोकळ्या फटीत टेबलावर आपटायची. मला वाटले बटण बिघडले. नंतर लक्षात आले की बिघडली होती माझी सवय. सात वर्षे मी व उजव्या हाताने दाबत होते आणि मला ते माहीतच नव्हते. साध्या कीबोर्डवर कुठल्याही हाताने दाबले तरी अक्षर उमटते, म्हणून चूक कधी उघडी पडली नाही.

त्या दिवशी माझा वेग निम्म्याहून खाली आला. रांगेतली माणसे चुळबुळ करू लागली, केंद्रचालक बोलले. चौथ्या दिवशी मी तो कीबोर्ड कपाटात ठेवून दिला. गणपती झाल्यावर, काम कमी असताना पुन्हा काढला आणि या वेळी थोडा थोडा, पाठ घेतल्यासारखा शिकले. तोच क्रम पुढे देत आहे.

आधी आपला हात ओळखा

मराठी टायपिंगच्या दोन पद्धती आपल्याकडे जास्त चालतात, जुन्या टाइपरायटरवरून आलेली रेमिंग्टन आणि भारत सरकारने प्रमाण मानलेली इनस्क्रिप्ट. पहिला नियम असा की कीबोर्ड बदलताना पद्धत बदलू नका. रेमिंग्टनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागते, इनस्क्रिप्टमध्ये नंतर. एकाच वेळी यंत्रही नवे आणि क्रमही नवा असे केले तर डोके आणि हात दोन्ही थकतात. हात ज्या पद्धतीवर बसला आहे तीच ठेवा.

मी इनस्क्रिप्ट वापरते. या पद्धतीत काना, मात्रा, वेलांटी, उकार डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. म्हणून डावा-उजवा, डावा-उजवा असा हात चालतो आणि दोन भागांच्या कीबोर्डला ही पद्धत चांगली जुळते. कोणत्या बोटाला काय येते ते पाहा.

डावी तर्जनी : दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, न, व
डावे मधले बोट : काना, पाय मोडण्याचे चिन्ह, म
डावी अनामिका : एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार
डावी करंगळी : काना-मात्रा, काना-दोन मात्रा
उजवी तर्जनी : र, प, ह, ब, ल, स
उजवे मधले बोट : क, ग
उजवी अनामिका : त, द
उजवी करंगळी : च, ज, ट, ड, य

यादी नीट पाहिली तर दोन गोष्टी दिसतात. डाव्या हातात सर्वांत जास्त बटणे तर्जनीवर आहेत. म्हणूनच नकळत आपण व उजव्या हाताकडे ढकलतो. आणि उजव्या करंगळीवर पाच नेहमीची अक्षरे आहेत, म्हणून ती आधी दुखू लागते. ज, ड, ट दाबताना करंगळी ताणू नका, सगळा पंजा थोडा सरकवा.

इंग्रजी टाइप करणाऱ्यांनी बी, वाय आणि ६ ही तीन बटणे तपासावीत. बी डाव्या भागावर असतो, वाय उजव्या भागावर. ६ काही कीबोर्डवर डावीकडे तर काहींवर उजवीकडे असतो, विकत घेताना बघून घ्या. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आता कसोटी घ्या. साध्या कीबोर्डवरच आपल्या जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांची नावे टाइप करा : मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, वेंगुर्ला, देवगड, दोडामार्ग, वैभववाडी. शेजारी कुणाला तरी बसवा आणि कोणते बोट कुठे जाते ते बघायला सांगा. आठांपैकी सहा नावांत व आहे, वैभववाडीत तर तीनदा. उजवा हात व कडे धावत असेल तर तो इथे पकडला जाईल. कुडाळ आणि कणकवली ही दोन नावे उत्तम सराव आहेत, कारण त्यांत एक अक्षर उजवीकडचे, पुढचे चिन्ह किंवा अक्षर डावीकडचे, असा एकसारखा ताल आहे. मानव, विमान, नाव हे शब्द मात्र संपूर्ण डाव्या हाताचे आहेत, तिथे उजव्या हाताने मदतीला जायचे नाही.

शिफ्टची सवयही तपासा. अक्षर ज्या हाताचे, शिफ्ट त्याच्या उलट हाताचे. मालवणचा ण डाव्या हाताचा, म्हणून शिफ्ट उजवीकडचे. कुडाळचा ळ उजव्या हाताचा, म्हणून शिफ्ट डावीकडचे. एकाच हाताने दोन्ही दाबायला गेलात की मनगट पिळवटते.

सहा आठवड्यांचा पाठ

सुरू करण्याआधी साध्या कीबोर्डवर पाच मिनिटे टाइप करून शब्द मोजा. एकूण शब्दांना पाचाने भागा. तो आकडा आणि चुका वहीत लिहून ठेवा.

पहिला आठवडा. कामासाठी नेहमीचाच कीबोर्ड. नवा फक्त सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे. दोन्ही भाग एकमेकांना जवळ ठेवा, साध्या कीबोर्डसारखे. फक्त मधली ओळ आणि आठ तालुके. वेग बघू नका. चूक झाली तर तेच बटण योग्य बोटाने तीनदा दाबा.

दुसरा आठवडा. वरची आणि खालची ओळ. व, ब, ल, प आणि उकार यांचे शब्द घ्या, कारण ही बटणे कापलेल्या कडेला आहेत आणि तिथेच गोंधळ होतो. वीस-वीस मिनिटे. भाग चार बोटे दूर करा.

तिसरा आठवडा. खरे काम, पण सोपे आणि घाई नसलेले. एखादे पत्र, वस्तीतल्या मंडळाचा जमाखर्च, मुलांचा निबंध. दिवसाला एक तास. भाग वीतभर दूर.

चौथा आठवडा. अर्धा दिवस नवा, अर्धा दिवस जुना. दोन्ही भाग खांद्याइतके दूर न्या आणि हीर ठेवून मनगट पुन्हा तपासा. भागांना मधून उंच करण्याची सोय असेल तर ती आता थोडीशी वापरा, अंगठ्याची बाजू किंचित वर. सुरुवातीलाच जास्त उंच करू नका.

पाचवा आणि सहावा आठवडा. दिवसभराचे काम नव्यावर. आठवड्याच्या शेवटी पुन्हा पाच मिनिटांची मोजणी.

पहिल्या दहा-बारा दिवसांत वेग पडणारच. मला जुना वेग परत यायला पाच आठवडे लागले. न बघता टाइप करणाऱ्याला लवकर जमते, दोन बोटांनी बघून टाइप करणाऱ्याला जास्त वेळ लागतो, पण फायदाही त्यालाच मोठा होतो, कारण नवीन कीबोर्डबरोबर तो प्रथमच दहा बोटे वापरायला शिकतो.

मध्येच नवीन ठिकाणी दुखू लागले, समजा अंगठ्याच्या मुळाशी किंवा खांद्यात, तर भाग फार दूर झाले असतील किंवा सराव जास्त झाला असेल. दोन दिवस थांबा, मागच्या आठवड्याच्या पाठावर या. दुखत असताना रेटून सराव करणे हा अभ्यास नव्हे.

बाजारात असेही कीबोर्ड आहेत ज्यांत बटणे अगदी उभ्या रांगेत असतात किंवा नेहमीपेक्षा खूप कमी असतात. पहिल्यांदा घेताना ते टाळा. बटणांची मांडणी नेहमीचीच आणि फक्त मधून कापलेला, असा घ्या.

परीक्षा देणाऱ्या मुला-मुलींसाठी

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आपल्या कितीतरी घरांत पहिली सरकारी नोकरी याच प्रमाणपत्रावर आली आहे. म्हणून हे नीट वाचा. परीक्षा केंद्रावर आणि भरतीच्या कौशल्य चाचणीत तुमच्यासमोर साधा कीबोर्ड असेल. परीक्षा तीन महिन्यांच्या आत असेल तर कीबोर्ड बदलू नका. बसण्याची पद्धत सुधारा, मागचे पाय मिटवा, विश्रांती घ्या, इतकेच.

परीक्षा लांब असेल आणि हात दुखत असेल तर बदला, पण रोज दहा मिनिटे साध्या कीबोर्डचा सराव चालू ठेवा. हात दोन्ही लक्षात ठेवतो, जसा सायकल चालवणारा माणूस स्कूटरही चालवतो. दोन भागांच्या कीबोर्डवर सुधारलेली बोटे साध्यावरही उपयोगी पडतात. माझा व आता दोन्हीकडे डाव्या हातानेच उमटतो.

टायपिंगला कुणी हलके काम म्हणू नये. नानकचंद रत्तू हे दिल्लीत सरकारी नोकरी करत आणि कचेरी सुटल्यावर बाबासाहेबांच्या घरी जाऊन रात्री उशिरापर्यंत त्यांची हस्तलिखिते टाइप करत. १९५७ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्याच बोटांखालून गेला आहे. टाइप करणारा हात जपावा इतकी त्याची किंमत नक्कीच आहे.

घरातले काम आणि तेच हात

कीबोर्ड बदलून मी घरी आले की विळीवर नारळ खवत होते, विहिरीचे पाणी ओढत होते, ओले कपडे पिळत होते. मनगटाला हे काम टायपिंगपेक्षा जड आहे. आपल्याकडे काजू फोडणाऱ्या, मासळी कापणाऱ्या बायकांचे हात तर दिवसभर जोर लावून पकडलेलेच असतात. तिच्या मनगटाला मुंग्या येतात तेव्हा तीसुद्धा याच आजाराची असू शकते, तिच्याजवळ संगणक नसला म्हणून काय झाले?

म्हणून घरात कामाची वाटणी करा. आमच्याकडे नारळ खवणे आणि कपडे पिळणे आता नवऱ्याकडे आहे. सुरुवातीला सासूबाईंना अवघड वाटले, मग त्याच म्हणाल्या, "माका पन रात्री हात बधिर जातत, पन मी कोणाक सांगलंय?" त्यांना आम्ही डॉक्टरांकडे नेले, तेव्हा साखर वाढलेली निघाली. इतकी वर्षे त्या हात झाडत होत्या आणि आम्ही कुणी विचारले नव्हते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काहीही असेल तर कीबोर्डची वाट बघू नका. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा.

मुंग्या किंवा बधिरपणा रात्रंदिवस राहतो, हात झटकून जात नाही.
वस्तू हातातून सुटतात, बटण लावता येत नाही, चिमूट धरता येत नाही.
अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसलेला दिसतो.
करंगळी आणि अनामिका बधिर होतात. ही वेगळी नस आहे, ती बहुधा कोपरापाशी दाबली जाते. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवण्याची सवय आधी सोडा.
मानेतून हातात कळ जाते.
मनगट सुजले आहे, लाल किंवा गरम आहे.

रात्रीचा पट्टा मनगट सरळ ठेवण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नाही. घट्ट फडके बांधू नका, मनगट कडकड मोडून घेऊ नका, जोराने चोळू नका. वेळेवर गेलात तर पट्टा, विश्रांती आणि साखर-थायरॉइडचे उपचार यांनी बहुतेकांना आराम पडतो. स्नायू बसेपर्यंत थांबलात तर शस्त्रक्रियेनंतरही हाताची ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

माझे दुखणे आज बरेच कमी आहे. त्यातले किती कीबोर्डने, किती पट्ट्याने आणि किती नवऱ्याने खवलेल्या नारळाने, हे वेगळे करून सांगता येणार नाही. रात्री मात्र झोप लागते.

या आठवड्याचा गृहपाठ

घरात जो कुणी टायपिंग करतो त्याच्या हातावर माडाचा हीर ठेवून बघा. मनगटापाशी रेषा मोडली असेल तर कीबोर्डचे मागचे पाय मिटवा आणि खुर्ची उंच करा. आठ तालुके टाइप करून घ्या आणि व कोणत्या हाताचा आहे ते तपासा. आणि घरातल्या प्रत्येक बाईला एकदा विचारा, रात्री हात बधिर होतात का? ती नाही म्हणाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.